जपानी सुरी घ्यायचीय. मी डावखुरी, ओटा ग्रॅनाइटचा, घरात विळी आहेच!

वरणफळ (धागाकर्ती)

नवऱ्याला ऑफिसच्या कामासाठी पुढच्या महिन्यात दहा दिवस टोकियोला जायचंय. "तुला काय आणू?" म्हणाला, तर माझ्या तोंडून पटकन "सुरी" निघून गेलं. तेव्हापासून सासूबाई माझ्याकडे जरा जपूनच बघतायत.

तर परिस्थिती अशी. राहायला कासारवडवली. चौघांचा रोजचा स्वयंपाक. भाज्या रोज, चिकन आठवड्यातून एकदा, रविवारी मासे (ते कापूनच आणतो). घरात सध्या जांभळी नाक्यावरून घेतलेल्या दोन लाल मुठीच्या दातेरी सुऱ्या आहेत. लग्नात आलेला सहा सुऱ्यांचा एक लाकडी ठोकळा आहे, त्यातली एकही धड कापत नाही. आणि सासूबाईंची विळी, जी सगळं कापते. माझ्या सुरीनं टोमॅटोची आधी चटणी होते, मग फोड.

बजेट दहा-बारा हजार. नेटवर बघायला गेले तर सान्तोकू, ग्युतो, नाकिरी, देबा... आणि निम्म्यांच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. ती नक्षी मला फार आवडलीय हे आधीच कबूल करते. यातलं नक्की काय घ्यायचं? डावखुरी असण्यानं फरक पडतो का? आणि आमच्या मावशी भांड्यांबरोबर सुऱ्याही घासतात, त्याचं काय?

शंकासूर

बारा हजारांची सुरी! भेंडी स्वतःहून रांगेत येऊन आडवी पडणार का?

वरणफळ

@शंकासूर, आली तर व्हिडिओ टाकते.

निगाता_रिटर्न

माझा विषय आला एकदाचा. सहा वर्षं जपानात होतो, आता नेरुळला. लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी आकार, कारण लोक पोलादावर भांडतात आणि चुकीच्या आकाराची सुरी घेऊन येतात.

ग्युतो म्हणजे पाश्चात्त्य शेफ्स नाइफचा जपानी अवतार. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) तिकडे गोमांस खायला सुरुवात झाली तेव्हाची ही सुरी, नावातच गाय आहे. टोकदार, लांब, घरासाठी २१० मिमी पुरे. सान्तोकू ही दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास घरगुती वापरासाठी रुळलेली. नावाचा अर्थ 'तीन गुण': मांस, मासे, भाजी. लांबी १६५ ते १८० मिमी, धार जवळजवळ सरळ, टोक खाली उतरलेलं. नाकिरी फक्त भाजीची, आयताकृती, पातळ. कोबी, पालक, कोथिंबीर यांत तिला तोड नाही. देबा जाड आणि जड, मासे सोडवण्यासाठी. तुम्ही मासे कापून आणता, म्हणजे देबा बाद.

तुम्हाला एकच घ्यायची असेल तर सान्तोकू. आपल्या ओट्यावर एका बाजूला शेगडी, दुसऱ्या बाजूला मिक्सर, मध्ये वीतभर जागा. तिथे लांब ग्युतो फिरवायची म्हणजे घोडबंदर रोडवर ट्रेलर वळवण्यासारखं.

आता डावखुऱ्यांचं. हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. देबा, यानागिबा, उसुबा या पारंपरिक सुऱ्यांना धार एकाच बाजूनं असते, उजव्या हातासाठी. डाव्या हातात धरली की ती कापता कापता तिरकी जाते. डावखुऱ्यांसाठी वेगळ्या बनवतात, पण महाग पडतात. सान्तोकू, ग्युतो, नाकिरी यांना बहुतेक करून दोन्ही बाजूंनी धार असते, त्या चालतील. तरी दोन गोष्टी बघायच्या. काही ग्युतोंची धार दोन्ही बाजूंना सारखी नसते, उजवीकडे जास्त घासलेली असते. आणि मूठ. शुन क्लासिक नावाच्या सुरीची मूठ इंग्रजी 'डी' अक्षरासारखी आहे, तिचा उंचवटा उजव्या तळव्यात बसतो. तुमच्या हातात तो बोटांना टोचेल. गोल, अष्टकोनी किंवा तीन रिव्हेटांची साधी मूठ घ्या.

पोलादावर उद्या लिहितो, लेकीला क्लासला सोडायचंय.

आडाळो

मी आपला विळीवाला. आयडी बघूनच कळलं असेल. आमच्या मालवणात विळीला आडाळो म्हणतात.

एक मुद्दा मांडतो, चूक असेल तर सांगा. विळीत पातं जागेवर असतं आणि भाजी हलते. दोन्ही हात भाजीला मोकळे. सुरीत भाजी जागेवर आणि पातं हलतं, त्यातला एक हात भाजी धरण्यातच जातो. म्हणून विळीवर बसलेली बाई फणस, सुरण, नारळ सगळ्याला पुरून उरते आणि सुरीवाल्याला पाट लागतो, ओटा लागतो, यूट्यूब लागतं. वर पुढे खवणी फुकट!

टाका-दोरा

पेशानं डॉक्टर, वाशीला दवाखाना. विळीचं कौतुक मान्य, पण गुडघे गेलेल्या बायकांना विळी सोडायला मीच सांगतो. दुसरं, बोट कापून येणारे लोक बहुतेक वेळा बोथट सुरीचे बळी असतात. बोथट म्हणून जोर लावतात, सुरी सटकते. धारदार सुरीची जखम निदान सरळ असते, शिवायला सोपी. (हे उत्तेजन समजू नये.)

वरणफळ

@आडाळो, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तुम्हाला जेवायला बोलावलंय.

@टाका-दोरा, सासूबाईंचे गुडघे हाही एक मुद्दा आहेच. त्या मान्य करत नाहीत एवढंच.

निगाता_रिटर्न

हं, पोलाद.

दोन घराणी समजा. एक गंजणारं, एक न गंजणारं. गंजणाऱ्यांत शिरोगामी आणि आओगामी ही नावं ऐकाल. अर्थ 'पांढरा कागद' आणि 'निळा कागद'. कारखान्यातून पोलाद ज्या रंगाच्या कागदात गुंडाळून यायचं त्यावरून हे नाव पडलं, पोलादाच्या रंगाशी काही संबंध नाही. आओगामीत थोडं क्रोमियम आणि टंगस्टन घालतात, त्यामुळे धार जास्त टिकते. न गंजणाऱ्यांत घरासाठी सगळ्यांत जास्त चालणारं म्हणजे व्हीजी-१०. फुकुई प्रांतातल्या ताकेफू (आताचं एचिझेन) गावच्या कंपनीचं. एयूएस-१० हे त्याच्या जवळपासचं.

फरक कडकपणात आहे. जर्मन सुऱ्या रॉकवेल मापावर साधारण ५६ ते ५८, व्हीजी-१० च्या जपानी सुऱ्या ६० च्या आसपास. आकडा किरकोळ वाटतो, पण सगळी गंमत त्यातच आहे. पोलाद कडक असलं की धार जास्त बारीक कोनात काढता येते आणि ती टिकते. जर्मन सुरीला दर बाजूला २० अंशांच्या आसपास, जपानीला १५. किंमत अशी मोजावी लागते की मऊ पोलाद जोर आला तर वाकतं, कडक पोलादाचा टवका उडतो. वाकलेलं सरळ करता येतं. टवका गेला की तो घासून काढण्यात तुमचा रविवार गेला.

म्हणून जपानी सुरीला घरात काही गोष्टी वर्ज्य: हाडं, नारळ, फ्रीझरमधून थेट काढलेलं काहीही, आंब्याची बाठ, आणि लाल भोपळ्यात पातं रुतवून मग पिळवटणं. शेवटचं सगळ्यांत वाईट.

पारसिक_चढण

भोपळ्याबद्दल मी शपथेवर साक्ष देतो. डोहाळजेवणाची भाजी, भोपळा अर्धा कापला गेला, पुढे जाईना. मी सुरी डावीउजवीकडे हलवली. 'टक्' असा आवाज आला. धारेला उंदरानं कुरतडल्यासारखी खाच. तो तुकडा भोपळ्यात राहिला म्हणून सगळी भाजी फेकली. बायकोनं त्या दिवशी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, ॲडमिन उडवतील.

आणि नक्षीबद्दल, ताई, मी फसलोय. एका ऑनलाइन दुकानातून 'जपानी दमास्कस, ६७ थर' म्हणून मागवली. तीन महिन्यांत नक्षी पुसट झाली, कारण ती लेझरनं वर उमटवलेली होती. खोक्यावर बारीक अक्षरात 'जपानी शैली' असं लिहिलेलं. शैली!

निगाता_रिटर्न

@पारसिक_चढण, हळहळ वाटली.

खऱ्या नक्षीबद्दलही सांगतो. ती थरांची असते, सुंदर असते, पण कापत नाही. कापतो तो मधला गाभा. पुरणपोळीसारखी रचना आहे: मध्ये कडक पोलाद, दोन्ही बाजूंनी मऊ. नक्षी त्या बाहेरच्या मऊ थरांत. धारेच्या अगदी कडेला नक्षी संपते आणि एकसंध पट्टी सुरू होते, फोटोत नीट बघा. गाभा तोच असेल तर तीन थरांची साधी सुरी आणि तेहेतीस थरांची नक्षीदार सुरी टोमॅटोला सारखीच. जास्तीचे पैसे डोळ्यांसाठी. द्यायचे तर द्या, पण माहीत असू द्या. आणि खोक्यावर पोलादाचं नावच नसेल तर घेऊ नका.

तोजिरो कंपनीची तीन थरांची, व्हीजी-१० गाभ्याची सान्तोकू, १७० मिमी. दिसायला सरकारी कचेरीतली वाटते. माझं मत तिलाच. ग्लोबल ही १९८५ पासूनची, पूर्ण स्टीलची, मुठीत वाळू भरून तोल साधलेली. देखणी आहे, पण तेलकट हातात मला ती निसटते. भारतात काईच्या सुऱ्या सहज मिळतात, नीमराण्याला त्यांचा कारखाना आहे. पण स्वस्तातली काई आणि शुन एकाच कंपनीच्या असल्या तरी एकाच पंगतीतल्या नाहीत, गल्लत करू नका.

तिखटमीठ

गंजणारं पोलाद इतकं वाईट आहे का? मला आओगामीची नाकिरी भेट मिळालीय. सानपाड्याची हवा बघता अजून खोक्यातच आहे.

आडाळो

@तिखटमीठ, बाहेर काढा हो. आपल्या आज्यांच्या विळ्या काय स्टेनलेसच्या होत्या? साध्या लोखंड-पोलादाच्या. कैरी चिरली की पातं काळं पडायचं, आई लगेच धुऊन फडक्यानं पुसून भिंतीला उभी करायची. ओली विळी ठेवली तर पाठीत धपाटा. ही सवय आपल्याकडे होतीच, स्टेनलेसनं ती घालवली. जपान्यांनी काही नवीन शोधलं नाही.

निगाता_रिटर्न

वरच्या प्रतिसादाला दंडवत. अगदी हेच. कांदा, कोकम, लिंबू, टोमॅटो लागलं की कार्बन (म्हणजे गंजणाऱ्या) पोलादावर निळसर-काळपट थर चढतो, तो चांगला, पुढचा गंज तोच अडवतो. लाल दिसलं तर मात्र घासून काढा. पावसाळ्यात चार महिने वापर नसेल तर खोबरेल नको, ते खवट होतं. खाद्योपयोगी (फूड-ग्रेड) मिनरल ऑइल पुसून ठेवा. लाकडी म्यानात ओली सुरी कधीच नाही.

पण @वरणफळ, तुमच्या घरात मावशी आहेत. तुम्ही स्टेनलेसच घ्या.

वरणफळ

मावशींचा विषय निघालाच तर विचारते. त्यांना "या सुरीला हात लावू नका" असं सांगायचं तरी कसं? वाईट वाटेल.

घोडबंदरी

सांगायचंच नाही. वापर झाला की आपणच धुवायची, मऊ स्पंजनं, पुसायची, जागेवर. सिंकमध्ये पोचूच द्यायची नाही. मावशींचाही हात वाचतो, फेसात बुडालेली धारदार सुरी म्हणजे सापळा आहे. मी शेगडीपासून लांबच्या भिंतीवर लोहचुंबकाची पट्टी लावलीय. ड्रॉवरमध्ये चमच्यांवर आपटून धार जाते.

आणि पाटाबद्दल अजून कोणीच बोललं नाही? ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट कापणार असाल तर जपानी सुरीच काय, परशुरामाचा परशू आणा, आठवड्यात बोथट होईल. काचेचा पाटही तसाच. लाकडी किंवा जाड प्लॅस्टिकचा घ्या. बांबूचा स्वस्त मिळतो, पण तो लाकडापेक्षा कडक.

टाका-दोरा

पाटाखाली ओलं फडकं. सरकणारा पाट आमच्याकडे पेशंट पाठवतो.

दिवाळे_बंदर

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला. आमच्या बाजारात सुरमईचे तुकडे पाडतात तो कोयता बघा एकदा. जड, जाड, खाली लाकडी ओंडका. काट्यावर एकच घाव. तिथे बारीक धारेचं काम नाही, वजनाचं आहे. उलट बोंबलाचं पोट उघडायला पातळ लागतं, तिथे आई लहान पातीच घेते. ज्याचं काम त्यानं करावं. ताईंनी मोठे मासे कापूनच आणावेत, सोलायचं-सोडवायचं घरी करावं. कोलंबीला तर जपानी सुरी लागतच नाही, नखं पुरतात.

शंकासूर

सगळं पटलं. आता सांगा, धार कोण लावणार? आमच्या सोसायटीत सायकल उलटी करून चाक फिरवणारा येतो, ठिणग्या बघायला पोरं जमतात.

निगाता_रिटर्न

@शंकासूर, चेष्टेत लाखमोलाचं विचारलंत. सुरी निवडायच्या आधी हा प्रश्न सुटला पाहिजे.

त्याला देऊ नका. ठिणगी उडते म्हणजे धार तापते, तापली की तिथलं पोलाद मऊ पडतं. कोनही त्याच्या अंदाजाचा. पात्याला ओढून धार लावायची ती दोन चाकांची डबीही नको, ती कडक पोलादाचे बारीक टवके काढते. खरबरीत लोखंडी सळईचंही तेच.

पाणदगड घ्यायचा. एकच घेणार असाल तर १००० ग्रिट (आकडा मोठा तितका दगड बारीक). दोन बाजूंचा १०००/६००० मिळाला तर उत्तम. बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवा (काही दगडांना नुसता शिडकावा पुरतो, खोक्यावर असतं). १५ अंश म्हणजे किती? पातं ४५ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे १२ मिमी वर. करंगळी पाठीखाली सरकवून बघा, अंदाज येतो. हलका हात, पात्याच्या टाचेपासून (मुठीकडच्या कोपऱ्यापासून) टोकापर्यंत. घासत राहिलं की दुसऱ्या बाजूच्या कडेला बोट आडवं फिरवल्यावर खरखर लागते. ती लागली म्हणजे त्या बाजूचं काम धारेपर्यंत पोचलं. मग बाजू बदला. शेवटी अगदी हलक्या फेऱ्यांनी खरखर काढून टाका. बहुतेक लोक खरखर यायच्या आधीच कंटाळून उठतात आणि म्हणतात दगड खराब आहे.

पहिला सराव त्या लग्नातल्या ठोकळ्यावर करा. सहा सुऱ्या आहेत, सहा रविवार.

पारसिक_चढण

आणि चिरलेली भाजी पाटावरून कढईत ढकलताना धारेनं खरवडायची नाही. सुरी उलटी करून पाठीनं. माझ्या नवीन सुरीचं हे एवढंच पथ्य पाळतो, फरक दिसतो.

वरणफळ

ठरलं. साधी सान्तोकू, दगड आणि लाकडी पाट. बजेट तिघांत वाटलं. नवऱ्याला आसाकुसा आणि उएनोच्या मधल्या काप्पाबाशीला पाठवतेय, सगळी भांड्यांचीच दुकानं आहेत म्हणे.

निगाता_रिटर्न

शाबास. बरीच दुकानं पात्यावर नावही कोरून देतात. आणि त्यांना बजावा, येताना सुरी चेक-इन बॅगेत. हातातल्या बॅगेत ठेवली तर विमानतळावरच निरोप घ्यावा लागेल.

अवांतर: साकाई गावची सुऱ्यांची ख्याती तंबाखूमुळे वाढली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत तंबाखू तिकडे पोचला, पानं कातरायला सुऱ्या लागल्या, आणि पुढे शोगुनांनी (तिथल्या लष्करी राज्यकर्त्यांनी) साकाईच्या सुऱ्यांना शिक्काच दिला. आजही तिथे पातं घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. पोर्तुगीज वसईलाही होतेच, आपण मात्र तंबाखू तळहातावर मळून प्रश्न सोडवला.

वरणफळ

पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय.

सुरी आली. १७० मिमी, तीन थर, नक्षी नाही. खरं सांगू? खोकं उघडल्यावर क्षणभर वाईट वाटलं. मग टोमॅटो घेतला. सुरी ठेवली, ओढली, आणि फोड पडली. रस पाटावर नाही, फोडीतच. मी तीन टोमॅटो उगाचच चिरले, त्या दिवशी सार करावं लागलं. कांद्यालाही डोळे कमी झोंबले. धार चांगली असली की कांद्याच्या पेशी चिरडत नाहीत, असं मुलानं शाळेतल्या थाटात समजावलं.

दगडावर ठोकळ्यातल्या तीन सुऱ्या झाल्या. पहिली आधीपेक्षा बोथट झाली. दुसरीत खरखर कशाला म्हणतात ते बोटाला कळलं. तिसरी आता पोळ्यांचा डबा उघडल्यासारखी सहज भोपळी मिरची उघडते. लाल भोपळा, नारळ आणि सुरण अजूनही विळीकडेच.

नवऱ्यानं नाव कोरून आणलंय, पण माझं नाही, कताकाना या जपानी लिपीत आडनाव. त्यामुळे सुरी कोणाची हा प्रश्न घरात उघडाच आहे. काल सासूबाई कोथिंबीर घेऊन ओट्याशी आल्या, स्टुलावर बसल्या. मी सुरी पुढे केली तर त्यांनी हात मागे घेतला.

"हातात नको देऊस, भांडण होतं. खाली ठेव, मी घेते."

शंकासूर

भेंडीचा व्हिडिओ कुठाय?